झेंड्यावर तारे किती

अमेरिकेची राज्यघटना आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांना जितकी पाठ होती, तितकी खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही नसेल, हे मी पैजेवर सांगते. आणि या गृहस्थांनी अमेरिकेत पाऊल म्हणून ठेवलेलं नव्हतं! विटा डेपोत एसटीचे कंट्रोलर म्हणून तीस वर्षं काढलेली, बायको गेलेली, आणि २०१६ पासून दर उन्हाळ्यात तीन महिने मुक्काम लेकीकडे, इथं आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनला. लेक सकाळी सातला नास गावच्या हॉस्पिटलात जायची, ती थेट रात्री जेवायला परत. मी घरी पोळ्या करून विकते, म्हणजे दिवसभर हाकेच्या अंतरावर सापडणारं मराठी माणूस मी एकटीच. तेव्हा काका आपसूक माझ्या वाट्याला आले.

आवाज असा की, "चहा ठेवता का, ताई?" म्हणाले तरी वाटावं, फलाट क्रमांक तीनवर गाडी लागली. कुठंही जायचं नसताना वही घेऊन बसस्टॉपवर उभे राहायचे आणि कोणती बस किती मिनिटं उशिरा आली ते लिहून ठेवायचे. एकदा बस सतरा मिनिटं उशिरा आली, तर यांनी ड्रायव्हरच्या नाकासमोर मनगटावरचं घड्याळ धरलं. तो हसून म्हणाला, "यू आर ग्रँड!" इथं कुणी चुकलं, धडपडलं, उशीर झाला की लोक असंच म्हणतात. असू दे, काही बिघडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काका तरातरा माझ्याकडे आले. "चूक त्याची, आन् मलाच म्हणतोय असू दे! असल्या लाडानंच माणसं बिघडत्यात, ताई." दोन दिवस त्यांचा हाच विषय होता.

राज्यघटनेचं कारण त्यांचा मुलगा. तो न्यू जर्सीत, आणि काकांचा व्हिसा दोनदा नाकारलेला. त्याचंही इकडे येणं काही ना काही कारणानं लांबत चाललेलं, चार वर्षं बापलेकाची गाठ नाही. तो तिकडचा नागरिक झाला की बापाला बोलावून घेणार होता, आणि त्यासाठी शंभर प्रश्नांचा अभ्यास. त्यातले दहा विचारायचे, सहा आले की पास. आता आपल्याकडे पोराची परीक्षा म्हणजे बापाची परीक्षा! काकांनी दहावीपर्यंत त्याचा अभ्यास घेतला होता, तो आता पस्तिशीत पुन्हा घ्यायला लागले. रोज दुपारी तीनला माझ्या ओट्यावर, फोन पिठाच्या डब्याला टेकवून, स्पीकर लावून. तेव्हा तिकडे सकाळचे दहा. मूळ तेरा राज्यं ते विटा-सांगली गाडीचे थांबे पुकारावेत तशी पुकारायचे. "सिनेटर शंभर? शंभर माणसांत देश चालतोय व्हय? आमच्या डेपोत साडेतीनशे होती, तरी पाचची गाडी सहाला सुटायची." मुलगा एखाद्या उत्तराला अडखळला की, "गाढवा, लक्ष कुठाय तुझं?" आणि तिकडून मुलगा खदखदून हसायचा. माझी धाकटी मध्येच म्हणायची, "आजोबा, ही'ज अ ग्रोन मॅन!" तिलाही दोन प्रश्न विचारले जायचे. त्या उन्हाळ्यात मी पोळ्या लाटता लाटता अमेरिकेच्या घटनेच्या सत्तावीस दुरुस्त्यांपर्यंत पोचले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगा विसरायला लागला. आधी दुरुस्त्या, मग राज्यं. परीक्षेची तारीख पुढं पुढं जात होती. "कामाच्या दिवशी दहाला घरी कसा रे तू?" काकांनी एकदा विचारलं. "वर्क फ्रॉम होम, बाबा." तीस वर्षं वेळापत्रकं वाचलेल्या माणसानं तेवढं ऐकून घेतलं.

डबा परत द्यायला आली तेव्हा काकांच्या लेकीनं दारातच मला सांगितलं. दादाच्या डोक्यात गाठ आहे, फार दिवस नाहीत. बाबांना कळू द्यायचं नाही, दादानंच शपथ घातलीये. मी म्हटलं, "अगं, मग निदान तो अभ्यास तरी थांबव!" ती डोळे पुसत म्हणाली, "तोच हवाय त्याला. म्हणतो, बाबा ओरडतात तेवढा अर्धा तास मी आजारी नसतो."

मग रोज तीनला मी खाली मान घालून कणीक मळायची. शेवटच्या दिवशी काकांनी सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला. झेंड्यावर तारे किती?  तिकडून बारीक आवाजात, "तेरा?" काका कडाडले, "तेरा पट्टे! तारे पन्नास! चार वर्षांचं पोर सांगंल. तुझ्यानं हे व्हायचं न्हाई." त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तो गेला, आणि गाठीचं काकांना तेव्हाच कळलं. काकांना जाता आलं नाही, कारण व्हिसा नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका आले, पण वही नव्हती आणि बसस्टॉपही नव्हता. एक दिवस बरोबर तीनला ते प्रश्नांचं पुस्तक घेऊन ओट्याशी आले. "ताई, माझा अभ्यास घ्या." सोपा प्रश्न मी मुद्दाम निवडला नाही, पुस्तक आपोआपच त्या पानावर उघडलं. "झेंड्यावर तारे किती?"

"तेरा," काका म्हणाले. "आता बोला मला. मी त्याला बोललो तसं."

माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. लेकीनं दारात काय सांगितलं ते, आणि तो अर्ध्या तासाचं काय म्हणायचा तेही. 

"म्हंजे तुम्हाला ठावं होतं?"

"होतं. तुम्ही ओरडत होतात आणि मी मुकाट्यानं कणीक मळत होते. चुकलं माझं, काका."

काकांनी निवलेल्या चहावरची साय बोटानं बाजूला सारली. मग त्यांनी पुस्तक मिटून माझ्यापुढं सरकवलं.

"यू आर ग्रँड, ताई," ते म्हणाले. तो दणदणीत आवाज त्या दिवशी जेमतेम ओट्याच्या या कडेपर्यंत पोचला. "त्याला तेवढं म्हणायचं ऱ्हायलं बघा."