पदर बदललेल्या साड्या

आमच्या टेबलावर आलेली रक्ताची नळी मुंबईच्या लॅबला जाते, रिपोर्ट पेशंटच्या घरी जातो आणि किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात मी जनुकीय समुपदेशक आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘ती रक्ताची मॅडम’. गुणसूत्राचा तुकडा तुटला, उलटा बसला, नाहीतर दुसऱ्याच गुणसूत्राला जाऊन चिकटला, तर काय होतं हे समजावून सांगणं हे माझं काम. लोकांना ते समजतं हो! फक्त ते शेजारच्या घरात झालेलं हवं असतं.

*

पहिल्या भेटीत मी तीन पिढ्यांची माहिती लिहून घेते. एकदा एक काका भारी रुबाबात समोर बसले.

“घरात कोणाला काही आजार?”

“छे! आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही. डायरेक्ट जातात!”

मी काय लिहिणार? रकाना रिकामाच ठेवला.

*

संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाहून यशोदाकाकू आल्या. बरोबर सून, कविता. तिचे तीन गर्भ लागोपाठ पडलेले. मुलगा मुंबईला नोकरीत, तो त्या दिवशी रजा काढून आलेला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेला.

मी कविताला विचारलं, “वय?”

काकू म्हणाल्या, “सत्तावीस.”

“झोप लागते का गं?”

काकू म्हणाल्या, “लागते की! घोरते.”

कविता खाली बघून बांगडी फिरवत होती.

“आणि काकू, तुमच्या वेळी कधी गर्भ पडला होता का?”

“आमच्या घराण्यात असला काय नाय! हिचंच रक्त तपासा. हिच्यात दोष निघाला तर हिच्या भावाला सांगून ठेवलंय, गाडी घेऊन येईल आणि नेईल माहेरी. माझ्या झिलाला दुसरी मुलगी बघितलीय.”

हे सगळं त्या पोरीच्या समोर! मला इतका संताप आला की पेनाचं टोपण दातात धरून बसले. तपासणी दोघांचीही करावी लागते, असं सांगून मुलाचंही रक्त घेतलं. काकूंना ते अजिबात आवडलं नाही.

*

रिपोर्टला तीनेक आठवडे लागतात, तोवर दुसरे किस्से ऐका.

एका जोडप्याला तपासणीसाठी बोलावलं होतं. बायको आली आणि बरोबर दीर! नवरा बोटीवर, सहा महिने येणार नाही.

दीर बाही वर करून तयार. “घ्या माझं. आईबाप तेच, रक्त तेच.”

“अहो, तसं चालत नाही.”

“का नाही? त्याचं आधार कार्ड आणलंय मी!”

*

सावर्ड्याच्या एका गृहस्थांच्या पुतण्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. काकांनी तो लॅमिनेट करून घेतला. त्यांच्याकडे रेशनकार्डापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं, म्हणे कागदाला पावसाळा बाधत नाही! मग पुतण्याच्या लग्नाच्या बायोडाट्यात पत्रिकेखाली एक ओळ वाढली : ‘गुणसूत्रे ४६, तपासलेली.’

पुढच्या महिन्यात काका तणतणत आले. “मॅडम, मुलीकडचे विचारतायत, सेहेचाळीसच का? जास्त नाहीत?”

*

तर यशोदाकाकूंच्या मुलाचा आणि सुनेचा रिपोर्ट आला. कविता पूर्ण नॉर्मल. मुलाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले.

काकू म्हणाल्या, “मुंबईच्या पाण्यानं झालं असणार!”

मी नेहमीप्रमाणे साड्यांवर आले. “काकू, समजा दोन लाल साड्या, दोन हिरव्या. एका लाल आणि एका हिरव्या साडीचे पदर कापले गेले आणि अदलाबदल होऊन शिवले गेले. कापड तेवढंच, म्हणून तुमचा मुलगा ठणठणीत. पण बाळाला एक लाल आणि एक हिरवी द्यायची असते. त्यात बदललेली लाल आणि साधी हिरवी गेली, की हिरवा पदर जास्त आणि लाल पदर गायब. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही.”

काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पण कापली कोणी?”

“कोणी नाही. बीज तयार होताना आपोआप तुटतं आणि चुकीच्या जागी जोडलं जातं. नाहीतर आईकडून किंवा वडिलांकडून तसंच आलेलं असतं.”

“मग ह्याच्या बापाकडूनच! त्यांच्यात सगळेच वाकडे.” आणि हात पुढे केला. “माझं घ्या. माझ्यात काय सापडायचं नाय.”

काकूंच्या यजमानांनाही बोलावून त्यांचं रक्त घेतलं. पुन्हा तीन आठवडे.

*

यजमान नॉर्मल निघाले.

काकूंच्या रिपोर्टात तेच दोन तुकडे, तीच अदलाबदल. मुलाला जसंच्या तसं मिळालेलं. मी तसं सांगितलं. आज कॅलेंडर काकू वाचत होत्या.

तिकडे बघतच बोलल्या, “माझे चार गेले. ह्याच्या आधी दोन, नंतर दोन. सासूनं सांगितलं, कोणाला बोलायचं नाय. तिनं मला दोनदा माहेरी धाडली होती.”

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, “काकू, ह्यात तुमचा दोष नाही. तेव्हाही नव्हता. आणि ह्यांना मूल होऊ शकतं. तुम्हाला झालंच ना? पुढच्या खेपेला गर्भाची तपासणी आधीच करून घेता येते.”

काकूंनी पदरानं डोळे पुसले, स्वतःचा रिपोर्ट उचलला आणि सुनेपुढे धरला.

“हा तुझ्याजवळ ठेव गो. माझं तोंड परत सुटलं, तर माझ्यासमोर धर.”

कवितानं कागद दोन्ही हातांनी घेतला. घडीसुद्धा घातली नाही. तीन भेटींत या मुलीचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ती माझ्याकडे वळली.

“मॅडम, हितं लॅमिनेशन कुठं करून मिळतं?”