कालपसून

रबराच्या पुतळ्याला लकवा मारला होता आणि आमचा सगळा स्टाफ खिदळत होता. शहरातून शिकवायला आलेल्या मॅडम हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत किती मिनिटं जातात, याची तालीम होती. नातेवाइकाचं सोंग माझ्याकडं आलं, का तर म्हणे, "सिस्टर, तुमची बोली अस्सल हाय." हसा म्हटलं, तुमचं काय जातंय.

दोन वर्षांमागं माझ्या थोरल्या भावाला ताडकळसहून जीपमध्ये घालून याच दारात आणलं होतं. उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं. कधीपासून, असं विचारल्यावर घाबरलेली वहिनी म्हणाली, "कालपसून अंग जड पडलंय म्हणायलेत." झालं! कागदावर 'कालपासून' पडलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, काल म्हटल्यावर विषयच संपला. अन् आमच्याकडं अंग जड पडलं म्हणजे माणूस सोयाबीन काढून दमला, एवढंच. त्या सकाळी सहाला दादानं स्वतः म्हशीची धार काढली होती, आणि जीप दारात आली तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. हे वहिनी चार दिवसांनी सहज बोलून गेली. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. कुणी म्हणजे कोण? मीच. ड्यूटी माझी, कागद माझा, अक्षर माझं. ज्या बोलीत वाढले, तीच मला ऐन वेळी कळली नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटते अजून.

तर मॅडमनी दिलेल्या कागदावर माझं उत्तर छापलेलं होतं: लक्षणं नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. अगं बाई! आमच्या भागात कोणती बायको असं बोलते? मी कागद चुरगाळला आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी 'कधीपासून' असं विचारल्यावर वहिनीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्या 'कालपासून' लिहून मोकळ्या झाल्या, इंजेक्शन रद्द. मॅडमनी घड्याळ थांबवलं आणि तुमचं वाक्य चुकलं म्हणाल्या.

माझं टाळकं सटकलं. "वाक्य नाही, तुमचा प्रश्न चुकला," म्हटलं, आणि दादाचं सगळं सांगितलं, माझ्या अक्षरासकट. मग कुणी हसलं नाही. मॅडमनी आपल्या कागदावरचा 'कधीपासून' खोडला आणि परत पहिल्यापासून घेऊ म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई या वेळी माझ्याजवळ येऊन बसल्या. "मावशी, ते शेवटचे धडधाकट कधी दिसले? तेव्हा हातानं काय करत होते?"

"सकाळी सहाला म्हशीची धार काढायलते," मी म्हणाले. ते काही सोंगातलं नव्हतं.

पुतळ्याला वेळेत इंजेक्शन मिळालं. टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी मी ताडकळसला गेले. वहिनी धारेला बसली होती, आणि दादा बाजूला बसून डाव्या हातानं वासराची दोरी धरून होता.