रुख्माबाईच्या भट्टीचा इस्तो

लीलाधरला गोंदियात ‘लाईनवाला’ म्हणतात. नवखा माणूस त्याला वीजमंडळाचा समजतो आणि मीटरची तक्रार सांगत बसतो. त्याचं काम वेगळंच. राईस मिलमध्ये तो सुपरवायझर होता. मिल बंद पडली तेव्हा साळ्याच्या सायकल दुकानात रिकामा बसून बसून त्यानं ते दुकानच नीट लावून दिलं, आणि तिथून लोक बोलवायला लागले. कोणाचे पापड, कोणाची शिलाई, कोणाचं लोणचं. धंदा चाललेला असतो, वाढवायचा असतो, पण सारा मालकाच्या डोक्यात आणि मालकाच्याच दोन हातांत. लीलाधर येतो, कोपऱ्यात बसून पाहतो, कोणतं काम कोणी करायचं ते लाईनीत लावतो. शेवटी परीक्षा घेतो. मालकाला दिवसभरासाठी उचलून दूर नेतो, फोन बंद करायला लावतो. मागे धंदा चालला तर वाढवा, नाही चालला तर आहे तेवढा सांभाळा.

परीक्षा मालकाची, पोट बिघडतं लीलाधरचं. “सुट्टीवर मालक जाते आन् जुलाब तुमाले लागते,” असं त्याची बायको नीतू म्हणते, आणि त्या दिवशी डब्यात नुसता दहीभात देते.

रुख्माबाईची मुर्र्याची भट्टी राईस मिलींच्या मागच्या वस्तीत आहे. मुर्रा म्हणजे मुरमुरा. मिलीचा कोंडा जाळायचा, कढईत रेती तापवायची, मिठाच्या पाण्याचे तांदूळ त्यात टाकायचे, फुलले की चाळून पोत्यात. चार बाया आणि सून चेतना कामाला. मुर्रा असा की तिरोड्याचा व्यापारी मुन्नालाल दर आठवड्याला गाडी पाठवतो. त्याला आता रोज माल पाहिजे. म्हणून रुख्माबाईनं शेजारी दुसरी भट्टी बांधली, आणि बांधल्यापासून ती थंडीच. बाई एक, भट्ट्या दोन. नव्या भट्टीच्या ओट्यावर वस्तीतल्या शेळ्या येऊन बसायच्या. कोणी हाकलायला गेलं तर रुख्माबाई म्हणायची, बसू द्या, तेवढाच उपयोग.

लीलाधर महिनाभर रोज चहा पिऊन भट्टीवर जात राहिला. मीठ कोणी घालायचं, रेती कोणी चाळायची, मुन्नालालच्या फोनला कोणी उत्तर द्यायचं, सगळं वाटून झालं. रुख्माबाईची अट सरळ होती. संध्याकाळी गाडी येते त्या दिवशीच परीक्षा घे. गाडी भरून गेली तर दुसरी भट्टी पेटवतो. नाही तर त्या विटा उखडून विकून टाकतो, मंग माह्यासमोर वाढायची गोष्ट काढू नको.

ती एकदा भट्टीवर गेली की हलत नाही हे लीलाधरनं पाहिलं होतं. म्हणून तो उजाडायच्या आधीच तिच्या घरासमोर स्कूटर घेऊन उभा राहिला. चेतनाला त्यानं दारातच बजावलं की काहीही होवो, फोन करायचा नाही. चेतना काहीतरी बोलणार होती. सासूकडे पाहून गप्प राहिली.

तो तिला बिरसीच्या विमानतळाकडे घेऊन गेला. भट्टीवरून रोज लहान विमानं घरघरत जायची, ती उतरतात कुठं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. धावपट्टीच्या कुंपणापासून लांब, धानाच्या बांधावर पळसाखाली दोघं बसले. शिकाऊ विमान खाली यायचं, जमिनीला टेकल्यासारखं करायचं आणि पुन्हा वर जायचं.

“हे उतरत काऊन नाही?” रुख्माबाईनं विचारलं.

“शिकून राहिले ते. मास्तर संग बसला असते.”

“पाह्य, मास्तरही संग असते.” असं म्हणून तिनं तोंड फिरवलं.

दुपारपर्यंत लीलाधरनं सगळी कामं तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. मीठ रिंकू. रेती नंदाबाई. पोती चेतना. काही राहिलं काय, मावशी? ती म्हणाली, नाही बाप्पा, आता त्याच्यात रायते काय. पण तिचे हात स्वस्थ नव्हते. बांधावरचं गवत उपटून तिनं पुढ्यात ढीग केला होता. दहीभात दोघांनीही खाल्ला नाही. ऊन कलायला लागलं तसं ती उठून स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. लीलाधरनंही ताणलं नाही.

मिलींच्या मागच्या वळणावर भट्टीचं धुराडं दिसतं. रोज त्यातून दाट पिवळसर धूर निघायचा. आज त्याच्यामागचं आभाळ स्वच्छ होतं. रुख्माबाईनं मागून लीलाधरचा खांदा असा आवळला की त्यानं स्कूटर हळू केली.

भट्टी गार होती. बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. मीठपाण्याचे तांदूळ तयार, रेती चाळलेली, पोती झटकून ठेवलेली. सगळं लाईनीत. फक्त जाळ नव्हता. चेतना भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

लीलाधरनं विचारलं, काय झालं, कोंडा संपला काय? नंदाबाई म्हणाली, “इस्तोच नाई आला.”

लीलाधरला कळायला वेळ लागला. या भट्टीत काडी लावत नाहीत. रोज पहाटे घरच्या चुलीतला इस्तो, म्हणजे निखारे, खापरात घेऊन मालकीण येते, आणि त्यावर भट्टी पेटते. तो चहा पिऊन यायचा तोवर भट्टी पेटलेली असायची. त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. आणि रुख्माबाईनं सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते काम नव्हतंच.

“अवो, मंग तू काऊन नाही आनला?” त्यानं चेतनाला विचारलं.

चेतनानं मान वर केली. “मी कशी आनन? सासू जिती असताना सून इस्तो उचलते काय? आत्याबाईनं त्यायची सासू गेल्यावर उचलला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी आज उचलला असता त वस्तीनं काय म्हटलं असतं, सांगा.”

फोन करायला तूच मना केलं होतं हे कोणी बोललं नाही, पण सगळ्या लीलाधरकडेच पाहत होत्या.

गाडी यायला फार वेळ उरला नव्हता. रुख्माबाईनं पदर खोचला. घर चार पावलांवर. ती गेली असती, खापर भरून आणलं असतं आणि बाया पटापट कामाला लागल्या असत्या. अर्धा माल तरी निघाला असता. लीलाधरला ते दिसत होतं. पण इस्तो तिनंच आणला तर परीक्षा गेली आणि उद्या ती विटा उखडेल, हेही दिसत होतं. आपल्यालाच न दिसलेल्या गोष्टीवर आता कोणत्या तोंडानं बोलणार?

रुख्माबाई दारापर्यंत गेली आणि थांबली. तिनं कोपऱ्यातलं काळं खापर उचललं, आतून हात फिरवून राख झाडली आणि चेतनापुढे धरलं.

“घे.”

“आत्याबाई, नाई.”

“मंग आज मेली समज मले. रडाचं असन त आता रडून घे, मंग जा. चुलीत राखेखाली इस्तो असन. फुकून घेजो.”

नंदाबाईनं तोंडावर पदर घेतला, हसायला की रडायला ते कळलं नाही. चेतनानं खापर असं घेतलं जसं आताच तापलेलं आहे, आणि गेली.

रुख्माबाई बाहेर येऊन लीलाधरजवळ दगडावर बसली. चेतना परत आली तेव्हा तिनं तिकडे पाहिलं नाही. आधी धूर आला, मग कोंडा पेटल्याचा घरघराट, मग बऱ्याच वेळानं पहिल्या तांदळांची तडतड. मागोमाग जळल्याचा वास. रुख्माबाई ताडकन उठली.

“रेती जास्त तपली, बाबू.”

“हो.”

“पहिला घाना गेला.”

“हो मावशी.”

ती उभीच राहिली. आत चेतना कोणाला तरी जाळ कमी करायला सांगत होती. दुसऱ्या घाण्याला वास आला नाही. रुख्माबाई बसली. तिच्या मांडीवरचे हात मात्र पोतं बांधल्यासारखे हलत राहिले.

मुन्नालालची गाडी आली. ड्रायव्हर कैलाश खाली उतरला, भरल्या पोत्यांची जागा रिकामी पाहून थबकला.

“मावसी, माल रेडी है ना? सेठ फोन पे फोन लगा रहे हैं.”

रुख्माबाईनं दाराकडे बोट केलं. “आंदर सूनबाईले विचार.”

तो आत गेला. तडतडीत दोघांचं बोलणं विरून जात होतं. एकदा चेतनाचा आवाज चढला, मग उतरला.

“काय बोलून राहिली?”

“ऐकू नाई येत,” लीलाधर म्हणाला. उठून दारापर्यंत जावं असं त्यालाही वाटलं, पण बाई बसलेली होती, म्हणून तोही बसून राहिला.

नव्या भट्टीच्या ओट्यावर एक शेळी पाय दुमडून रवंथ करत होती. रुख्माबाईनं तिच्याकडे पाहिलं, वाकून एक खडा उचलला आणि तिला हाकललं.