माणिक वळूसाठी एक इंच

कंधार तालुक्यात लाल कंधारी जनावर गाडीतून न्यायचं असलं की लोक दयानंद सोनकांबळेला फोन लावतात. दयानंद मूळचा गवंडी. अठरा वर्षं त्यानं भिंती चढवल्या. विष्णुपुरीकडच्या कितीतरी इमारतींचे मजले त्याच्या हातचे आहेत. मग सिमेंटनं तळहात फुटायला लागले. थंडीत भाकरी मोडतानासुद्धा रक्त यायचं. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं, तेव्हा थापी ठेवून दिली आणि लातूरच्या एका खडीवाल्याची जुनी पिकअप घेतली.

जनावराला गाडीत चढवताना तो काठी उचलत नाही. फळी लावतो, आत थोडी हिरवी मका टाकतो आणि बाजूला उभा राहतो. दहा मिनिटं लागोत की अर्धा तास, जनावर आपल्या पायांनी चढतं.

पण मागच्या वर्षी हिमायतनगरच्या जनावरांच्या प्रदर्शनाहून परतताना गडबड झाली. गाडीत चांगुणाबाईंचा माणिक होता. गडद तांबड्या रंगाचा, पावणेपाच क्विंटलचा वळू. मोटारसायकलवाला आडवा आला, दयानंदनं ब्रेक मारला आणि माणिक पुढच्या गुडघ्यांवर कोसळला. हाड मोडलं नाही, पण दोन्ही गुडघे सोलवटले.

चांगुणाबाई साठीच्या. नवरा गेल्यावर गोठा त्यांनीच वाढवलेला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माणिकच्या गुडघ्यांना हळद लावत एवढंच म्हणाल्या, "दयानंदा, तुझा हात वाईट न्हाई. तुझी गाडी वाईट हाय. माळेगावच्या जत्रेला मी माणिकला चालवत नेईन, पण ह्या गाडीत न्हाई."

हे त्याला लागलं. घरी येऊन त्यानं गाडी अंगणात सपाट फरशीवर उभी केली आणि लांबून बघितली. नाक खाली, मागचा भाग वर. रोज बघून नजर सरावली होती, म्हणून आजवर खटकलं नव्हतं.

बायको पंचशीला म्हणाली, "अशी दिसून राहिली, जशी काई पाणी प्यायला वाकली."

"मग जनावर पुढंच सरकणार की," दयानंद म्हणाला. "तिरक्या जमिनीवर उभं केलंय मी त्याला."

दुसऱ्या दिवशी तो नांदेडला बालाजीच्या दुकानात गेला. पिकअपचं पुढचं नाक उचलून गाडी समतल करायचे संच बालाजी विकतो आणि मागच्या शेडमध्ये बसवूनही देतो. पुढच्या स्प्रिंगवर एक जाड चकती बसवायची, की गाडी तेवढी उंच होते. काउंटरवर एक, दोन आणि तीन इंचांचे संच मांडलेले होते.

"काका, तीन इंची टाका," बालाजी म्हणाला. "पोरं हेच नेतात. लई भारी दिसंल गाडी."

"मला दिसायला न्हाई पाहिजे. वळूला उभं राहायला पाहिजे."

"मग दोन इंची. डोळे झाकून टाका."

"डोळे झाकून मी कधी एक वीट ठेवली न्हाई," दयानंद म्हणाला. त्यानं गाडीतून पाणसळीची नळी काढली. पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. एक टोक बालाजीच्या हाती देऊन हौद्याच्या पुढच्या कडेला धरायला सांगितलं, दुसरं स्वतः मागं धरलं. मागचा भाग साडेतीन इंच वर निघाला.

"म्हणजे तीन इंचीच लागंल की!" बालाजी खूश झाला.

"ही रिकामी गाडी. रिकाम्या गाडीत कोण पडतंय?"

शेजारच्या दुकानातून त्यानं सिमेंटच्या नऊ गोण्या दिवसभरासाठी मागून आणल्या. नऊ गोण्या म्हणजे साडेचार क्विंटल, जवळपास माणिकएवढं वजन. वळू जिथं उभा राहतो तिथंच त्या रचल्या आणि पुन्हा नळी धरली. आता फरक अडीच इंच.

एवढं वजन टाकून मागचा भाग इतका कमी का दबला, हे बघायला तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांचा जो थर असतो, त्यात खडीवाल्यानं दोन पाटे जास्तीचे घातले होते. खडीसाठी ते बरोबर होतं. एका वळूच्या वजनाला ते दाद देत नव्हते.

"ह्यातला एक पाटा काढ," दयानंद बाहेर येत म्हणाला. "मग परत मोजू."

"काका, पाटा काढला तर माल कमी बसंल."

"खडी कुठं न्यायची मला? दुसरा ऱ्हाऊ दे, सोयाबीनच्या दिवसांत लागंल."

पाटा निघाला. गोण्यांसकट मोजलं, तर उरला एक इंच आणि वर एखादं सूत, म्हणजे किंचितच. दयानंदनं सगळ्यात लहान संच उचलला.

बालाजीला ते पटेना. "दोन टाकले तर काय बिघडंल?"

"नाक वर जाईल, मग वळू मागं सरकंल. आणि गाडी जेवढी उंच तेवढी वळणावर डुलते. वर चार पायांवर उभं जनावर हाय, ते काय धरणार?"

चकत्या बसल्यावर गाडी डावीकडं ओढायला लागली. बालाजीनं चाकांचं अलाइनमेंट करून दिलं, दिव्यांचा झोतही खाली घेतला. गोण्या परत करण्याआधी दयानंदनं गाडी विष्णुपुरीपर्यंत नेऊन आणली. मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम कचकन ब्रेक मारला आणि उतरून पाहिलं. गोण्या जागच्या हलल्या नव्हत्या.

चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. "मी मागं बसते माणिकपाशी. मला धोका वाटला की केबिनचा टप वाजवीन. तिथंच उतरवायचं त्याला."

"हाव, मावशी. जसं तुम्ही म्हणाल."

जत्रेच्या सकाळी माणिक चढायला तयार नव्हता. गुडघ्यांना जुनं दुखणं आठवत असावं. दयानंद पाऊण तास मका धरून उभा राहिला. शेवटी वळूनं फळीवर पाय ठेवला.

लोह्याजवळ गतिरोधकावरून गाडी उतरली, तोच वरून धाड धाड आवाज आला. चांगुणाबाई टप बडवत होत्या. दयानंदनं हळूच ब्रेक दाबला. गाडी कडेला घेऊन तो मागं धावला.

"काय झालं, मावशी? पडला का?"

"पडतो कशाला!" चांगुणाबाईंनी माणिकच्या तोंडाकडं बोट केलं. "रवंथ करून राहिलाय, बघ की! चालत्या गाडीत!"

माणिक चारही पायांवर सारखा भार देऊन उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, जबडा सावकाश फिरत होता. मनात भीती असली की जनावर रवंथ करत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दयानंदनं त्याच्या मानेखाली खाजवलं.

"पुढं येऊन बसता का, मावशी? धुरळा लई हाय."

"येते," म्हणत चांगुणाबाई उतरल्या आणि केबिनमध्ये पदर सावरून बसल्या.

माळेगावात माणिकला दुसरा नंबर मिळाला. तोवर लाल कंधारीवाल्यांत ही गोष्ट पसरली होती. देगलूरकडचा मल्लिनाथ आपली नवी पिकअप घेऊन जत्रेतच दयानंदकडं आला. "मला बी तसला संच सांगा. कोणता टाकू?"

दयानंदनं त्याच्या गाडीत त्याचाच बैल चढवायला लावला, खाली बसून दोन्ही बाजूंनी बघितलं, नळी धरली.

"काहीच टाकू नका," तो म्हणाला. "तुमची गाडी बरोबर हाय. खाली रबरी चटई तेवढी टाका."

मल्लिनाथचा चेहरा उतरला. इतक्या लांबून काहीतरी घेऊन जायच्या तयारीनं आला होता. दयानंदनं त्याला चहा पाजला, आणि दोघं जत्रेतला घोड्यांचा बाजार बघायला गेले.