बर्टीच्या पिस्तुलाचा सायलेन्सर

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचे कान शाबूत असतील, तर त्याने जन्मभर काम कमी आणि गप्पा जास्त केल्या असं खुशाल समजावं. आयडाहोच्या डोंगरातल्या टर्नर क्रीकचा डेल्मर हॅगन गप्पा मारणाऱ्यांतला नव्हता. त्याचा डावा कान केव्हाच गेला होता आणि उजव्याचंही काही खरं नव्हतं. दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः झाडून बघायची, आणि तीही उघड्या कानांनी, हा त्याचा हेका. आत काही खुळखुळत असेल तर ते कानाला आधी कळतं, असं म्हणायचा. त्याने हातावेगळी केलेली बंदूक कधी तक्रार घेऊन परत आली नाही. कान मात्र त्यापायी हकनाक गेले.

त्याची बायको रोबर्टा. सगळ्या गावाची बर्टी. तिने वर्षानुवर्षं शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कुणी खोडी काढली की ती मान न वळवता एक हाक मारायची आणि अख्खी बस चिडीचूप व्हायची. त्याच बाईला उतारवयात कंपवाताने गाठलं. हात थरथरायला लागले ते सगळ्यांना दिसलं. आवाज विरत चालला होता, ते डेल्मरच्या लक्षात यायला फार वेळ लागला, कारण त्याला वाटत होतं आपलेच कान आणखी बिघडले. शेवटी मुलगी मार्ला नाताळात आली आणि तिने निवाडा दिला.

"डॅड, मॉमचा आवाज गेलाय. आणि तुझे कानही गेलेत. तुम्ही दोघं दिवसभर या घरात बोलता तरी काय?"

"जेवायला चल एवढं बोललं की पुरतं," डेल्मर म्हणाला.

मार्ला ट्विन फॉल्सला राहायची. तिच्या घरी खाली दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. इथे टर्नर क्रीकला जोराचं बर्फ पडलं की घाट बंद, आणि उन्हाळ्यातही चांगला डॉक्टर गाठायचा म्हणजे अर्धा दिवस गाडीत. बर्टीला मुलीकडे जायचं होतं. डेल्मरला आपलं वर्कशॉप सोडायचं नव्हतं. बर्टीने विषय काढला की तो म्हणायचा, "काय?" तिने पुन्हा सांगितलं की पुन्हा, "काय?" तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तिचा दम संपायचा आणि ती नाद सोडून द्यायची. यातल्या किती वेळा त्याला खरोखर ऐकू आलं नव्हतं, हे त्याचं त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. बहिरेपणाची सोय झाली होती आणि त्याने ती वापरली, एवढं मात्र नक्की.

पण त्याला तिचा आवाज हवा होता, हेही तितकंच खरं. माणूस असा दोन्हीकडून असतो.

लग्नाआधीपासून त्यांचा एक रिवाज होता. शनिवारी सकाळी मऊ, पावासारखी बिस्किटं आणि घट्ट पांढरी ग्रेव्ही असा भरपेट नाश्ता करायचा आणि गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जाऊन पोलादी चकत्यांवर नेम धरायचा. पिस्तूल बर्टीचं, बारीक गोळीचं. त्याची अक्रोडाच्या लाकडाची मूठ डेल्मरने तिच्या बोटांच्या मापाने कोरली होती. त्या दिवसांत तो फुलं देणाऱ्यांतला नव्हता, म्हणून मूठ दिली. बर्टीचा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता आणि तोंडही. तो चाप ओढायचा तेव्हा ती मागे उभी राहून काहीबाही बोलत असायची. अलीकडे डॉक्टरच्या धाकाने दोघांच्या कानांवर जाड टोपणं असत, त्यामुळे त्याला बहुतेक तिचे हलणारे ओठच दिसत. तिचा आवाज होता तोवर टोपणांतूनही एखाददुसरा शब्द पोहोचायचा. आता शनिवार मुका झाला होता.

ते त्याला सोसवेना. म्हणून ज्या वस्तूची त्याने जन्मभर टिंगल केली, ती घ्यायचं त्याने ठरवलं: बंदुकीचा आवाज गिळणारा सायलेन्सर, म्हणजे टोपणं नकोत आणि तिचं बोलणं कानावर पडेल.

सायलेन्सर विकायचा रॉस पेटीजॉन. गावातलं हत्यारांचं दुकान त्याचंच, आणि दुकानामागे नेमबाजीची लांबट पडवीही होती. डेल्मरला दारात बघून तो काउंटरवर कोपर टेकून हसायला लागला.

"चोरांची चैन म्हणत होतास ना रे? की आता म्हातारपणी दरोडे घालणार?"

"बायकोसाठी पाहिजे."

"बर्टी दरोडे घालणार? मग मी आत्ताच पैसे काढून ठेवतो. तिच्याशी हुज्जत कोण घालील!"

हसून झाल्यावर रॉसने नेहमीचं सांगितलं. सायलेन्सर आज विकत घेतला तरी आज घरी न्यायचा नाही. सरकारी परवानगी येईपर्यंत तो दुकानातच कुलपात राहतो, आणि त्या वर्षी परवानगीला दहा-बारा महिने सहज लागत. तोवर मालकाने दुकानात यावं, रॉसच्या डोळ्यांदेखत चार गोळ्या झाडाव्यात आणि घरी जावं. गावातले लोक याला तुरुंगातली भेट म्हणत. शनिवारी दोघं-तिघं तरी आपापल्या कैद्याला भेटायला आलेले असत.

पिस्तूल तयार करायचं काम डेल्मरने स्वतः केलं, आणि मन लावून केलं. नळीच्या टोकाला लेथवर आटे पाडले. आटे तसूभर तिरके गेले तर गोळी सायलेन्सरला आतून घासते, म्हणून मोजमाप पुन्हा पुन्हा केलं. पुढे ते जाड नळकांडं बसलं की नेम धरायची जुनी खूण त्याच्याआड लपते, म्हणून उंच खूण बसवली. हे विसरून आलेल्या किती गिऱ्हाइकांची त्याने फिरकी घेतली होती! वेगवान गोळी हवेत स्वतःच कडाडते, म्हणून सावकाश जाणाऱ्या गोळ्या आणल्या. शनिवारी एकट्याने रॉसकडे जाऊन सायलेन्सर चढवलेलं पिस्तूल आपल्या हाताने तपासलं. पिस्तूल कसं छान, जड, स्थिर वाटत होतं. मूठ मात्र त्याच्या पंजात नेहमीसारखीच रुतत होती, पण ती त्याच्यासाठी नव्हतीच.

पुढच्या शनिवारी तो बर्टीला घेऊन आला. रॉसने कुलूप उघडून सायलेन्सर आणला, डेल्मरने तो पिस्तुलाला चढवला, आणि रॉस जरा मागे हाताची घडी घालून उभा राहिला.

"टोपणं नकोत," डेल्मर बर्टीला म्हणाला. "बघच तू."

तिने पिस्तूल उचललं. नळीचं टोक खाली गेलं. तिने दोन्ही हातांनी वर आणलं, ते पुन्हा खाली गेलं. मनगट लटलट कापायला लागलं. कानाचा विचार डेल्मरने सगळ्या बाजूंनी केला होता, आवाजाचा केला होता, गोळीचा केला होता. टोकाला लागलेलं वजन तिच्या मनगटाला पेलेल का, हे त्याने बघितलंच नव्हतं. वजन जोखलं होतं ते स्वतःच्या हाताने. नवख्या कारागिरानेही असा गाढवपणा केला नसता, कारण नवखा गिऱ्हाइकाला विचारतो तरी.

"मी... मी हलका मागवतो," तो म्हणाला. "रॉस, हलका येतो ना?"

"येतो की," रॉस म्हणाला. "फक्त त्याचीही परवानगी..."

"त्याला पुन्हा वर्ष," बर्टी म्हणाली आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं. "तू मार."

"अगं, तुझ्यासाठी केलंय."

"माझ्यासाठीच मार."

त्याने नेम धरला आणि चाप ओढला. आवाज झाला तो जाड पुस्तक टेबलावर पडावं तेवढा. मग दूरवर चकतीचा टण्णकन सूर. आणि त्यामागोमाग, उजव्या कानाशी, बारीक पण स्वच्छ:

"डावीकडे ओढतोस. कायमचाच ओढतोस."

डेल्मर हसला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. आणखी एक गोळी मारली.

"ही बरी होती. हॅगन घराण्याच्या मानाने."

"तू दर शनिवारी हेच बोलायचीस का गं?"

"याहून वाईट."

तो झाडत राहिला आणि ती बोलत राहिली. मग ती थांबली. पिस्तूल रिकामं झालं होतं. पुन्हा भरायला म्हणून त्याने गोळ्यांकडे हात नेला, तेव्हा तिने त्याच्या बाहीला धरलं.

"डेल्मर. मला मार्लाकडे जायचंय. या हिवाळ्याच्या आत."

त्याचं तोंड आपोआप उघडलं. "का..."

"नाही," बर्टी म्हणाली. "आता 'काय' म्हणायचं नाही. ऐकू येतंय तुला."

रॉस घसा खाकरत मागे सरकला. "मी बाहेर थांबलो असतो, बर्टी. पण तो सायलेन्सर माझ्या ताब्यात आहे, मला हलता येत नाही."

"थांब ना. साक्षीदार बरा," ती म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली. एकेक वाक्याला तिला आता श्वास गोळा करावा लागत होता. "मला भीती वाटते रे. रात्री पडले तर हाक मारून तुला ऐकू जायची नाही. मी एकदा पडले होते. पहाटेपर्यंत फरशीवर होते. तू घोरत होतास."

डेल्मरने पिस्तूल खाली ठेवलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. तिने पूर्वी कधी हे सांगायला घेतलं तेव्हा आपण "काय?" म्हटलं असेल का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. आठवलं नाही, आणि आठवलं नाही याचीच जास्त लाज वाटली.

पडवीच्या पत्र्यावर वारा वाजत होता. रॉस आपल्या बुटांकडे बघत होता.

"लेथ न्यायला मोठा ट्रक लागेल," शेवटी डेल्मर म्हणाला. "मार्लाच्या गॅरेजची फरशी ते वजन धरेल की नाही, विचारलं पाहिजे."

बर्टी काहीतरी बोलली. ओठ हलले, पण आवाज उठला नाही.

"काय?" तो म्हणाला, आणि घाईघाईने दोन्ही हात वर केले. "शप्पथ, बर्टी. या वेळी खरंच नाही ऐकू आलं."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तो वाकला, आणि तिने त्याच्या उजव्या कानाला ओठ लावून पुन्हा सांगितलं.

"लेथ इथंच राहील. तो नेलास तर गॅरेजमध्ये तू पुन्हा बंदुका झाडशील, आणि मला तुझा हा कान हवाय."

तो वाकलेलाच राहिला. त्याच्या वडिलांनी घेतलेला लेथ होता तो.

"ऐकलं," तो म्हणाला.