रेवाला सज्जन करताना

"मॅडम, ही पोरगी चोर आहे," सर म्हणाले आणि हस्तलिखित माझ्या टेबलावर असं आपटलं, जसं काही मीच तिला शिकवून पाठवलं होतं.

पोरगी म्हणजे रेवा. वय चौदा. खरी नाही, कादंबरीतली. आमची प्रकाशन संस्था नगरची, सर तिचे मालक, धंदा गाईडचा. प्रत्येक धड्याखाली आम्ही 'पात्राचे स्वभावविशेष' पाच मुद्द्यांत छापतो. पात्र प्रामाणिक असतं, कष्टाळू असतं, मोठ्यांचा मान राखतं. हे तपासण्यात माझी इतकी वर्षं गेलीत, की रस्त्यात कोणी भेटलं तरी मनात त्याचे पाच मुद्दे पडतात.

किशोरांसाठी फँटसी काढायची हौस सरांचीच. मुलं मोबाईलवर ड्रॅगन बघतात, आपण आपल्या मातीतले देऊ, म्हणाले. पारनेरच्या वैशालीनं कादंबरी पाठवली. मेडिकलचं दुकान सांभाळते ती, आणि गिऱ्हाईक नसलं की लिहिते. तिच्या कोरड्या राज्यात प्रत्येक गावाच्या विहिरीखाली एक जलनाग असतो. तो आहे तोवर झरा जिवंत. रेवाला जमिनीखालचा नाग ऐकू येतो. तिच्या गावचा नाग मरतो, तेव्हा ती जिवलग मैत्रिणीच्या गावचा नाग फूस लावून पळवते. मैत्रिणीची विहीर आटते. आणि रेवा तिच्याच गळ्यात पडून रडते, "कुणी केलं असेल गं?" म्हणते.

मला तिचा संताप आला आणि मी घाईनं पान उलटलं. सरांची लाल रेघ याच पानावर होती. पुढची सगळी पानं कोरीकरकरीत.

"शाळा घेतील का हे?" सरांनी विचारलं. "हिचे पाच मुद्दे काय काढणार तुम्ही? स्वच्छ करा तिला. पोरींनी आदर्श घेतला पाहिजे."

वैशालीला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तिनं नाग चोरायचाच नाही, तर पुस्तकभर काय हळदीकुंकू करायचं?" मग म्हणाली, स्वच्छ केलेली रेवा छापायची असेल तर माझी गोष्ट मला परत द्या. मी थोडे दिवस मागून घेतले. पोरीचं पहिलंच पुस्तक होतं आणि ते माझ्या हातानं मरणार होतं. मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

तरी नोकरी ती नोकरी. मी रेवाला सज्जन केलं. नवी रेवा नाग चोरत नाही, विनंती करते. मैत्रिणीचं गाव हसत हसत देऊन टाकतं. आता कोणी कोणावर चिडेना. पुढं एक राणी तीन प्रकरणं रेवाचा पाठलाग करते, तो कशासाठी हे राणीलाही सांगता येईना. म्हणून राणीलाही समजूतदार केलं. शेवटी दोघी मिळून झाडं लावतात. सर खूश झाले. म्हणाले, एक ग्रामसभाही घाला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. गाईड छापण्याआधी त्याची डमी, म्हणजे झेरॉक्स काढून शिवलेली प्रत, एखाद्या वर्गात नेऊन वाचायची आणि पोरं कुठं अडतात ते बघायचं. कादंबरीलाही तोच नियम. देवळाली प्रवराजवळची एक शाळा, आठवीचा वर्ग. सर स्वतः येऊन शेवटच्या बाकावर बसले.

मी वाचत होते आणि वर्ग अगदी शांत होता. आठवीचा वर्ग शांत असणं हे चांगलं लक्षण नव्हे. खिडकीजवळची पोरं उसाचे ट्रॅक्टर बघत होती. रेवा कशी वाटली, विचारलं. "चांगली हाय," सगळे एका सुरात म्हणाले, साहेब तपासणीला आल्यावर म्हणतात तसं. मागून एकजण पुटपुटला, "आमच्या मॉनिटरवानी हाय." वर्ग हसला. मॉनिटर तेवढी हसली नाही.

मूळ हस्तलिखित माझ्या पिशवीत होतं. सरांकडे न बघता ते काढलं आणि नाग पळवायचं प्रकरण वाचायला घेतलं. ट्रॅक्टर बघणारी पोरं वळली. "लई बेकार हाय ही," कोणीतरी म्हणालं, पण आवाजात कौतुक होतं. गळ्यात पडून रडायचा प्रसंग आला तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली. खिचडीचा वास वर्गात आला होता, तरी कोणी उठलं नाही.

मग मॉनिटर उभी राहिली. "मॅडम, तिनं मैत्रिणीला सांगितलं का न्हाई?"

अजून नाही, मी म्हटलं.

ती बाकाकडं बघत राहिली. "बाईंचा चष्मा माझ्याकडनं फुटला हुता. मी हिचं नाव सांगितलं. अजून बोलले न्हाई हिला."

'ही' तिच्या शेजारीच बसली होती. तिनं मान वळवून मॉनिटरकडं बघितलं. वर्गात कोणी हसलं नाही.

"मला माहिती हुतं," ती म्हणाली. "बस खाली."

मी हस्तलिखित मिटलं आणि वर्गाला खिचडीला सोडलं.

परतताना आमची गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "मॅडम, त्या रेवानं शेवटी सांगितलं का मैत्रिणीला?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं लाल रेघेपुढं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

"तुमच्या रेघेनंतरच्या पानापासून वाचा, सर," मी म्हटलं आणि हस्तलिखित पुढं दिलं. राहुरी गेली, नगर आलं, ड्रायव्हरनं ऑफिससमोर गाडी लावली, तरी सर वाचतच होते.

पुस्तक वैशालीनं लिहिलं तसंच छापायला गेलं. माझी ग्रामसभा रद्दीत गेली, झाडांसकट. यातून मी एवढाच धडा घेतला, की नायिका बिघडलेली आहे असं कोणी म्हणालं, तर तिला दुरुस्त करण्याआधी त्यानं पुस्तक कुठवर वाचलंय ते विचारावं.

सरांचा एकच हट्ट राहिला, शेवटी 'रेवाचे स्वभावविशेष' हवेत, पाच मुद्दे. मी लिहिलं: खोटं बोलते. चोरी करते. घाबरते. फार उशीर लावते. पाचवा काही सुचेना, म्हणून कागद तसाच सरांकडे पाठवला. तो परत आला तेव्हा खाली लाल पेनानं लिहिलेलं होतं: शेवटी स्वतः जाऊन सांगते.