अक्रोपोलिस आज बंद आहे

अथेन्सला जाऊन अक्रोपोलिस न पाहता परतलेली माणसं जगात फार नसावीत. त्यांतल्या दोघी इंग्लंडातल्या रीडिंग गावी एकाच घरात राहत होत्या. एक मी. दुसरी रश्मी, जिला ते खरोखर पाहायचं होतं.

मला पाहायचं नव्हतं असं नाही, पण माझं पाहणंही तत्त्वाने चालायचं. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापत. माझं नावही त्यांनी एखाद्या पत्रकातूनच उचललं असावं : क्रांती. (धाकट्या भावाचं नाव संघर्ष ठरलं होतं. आई आडवी आली, म्हणून तो अमोल झाला.) 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ बघ' च्या आधी वाचता येत होतं. अशी मुलगी मोठी होऊन इंग्लंडात एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते, हा विषय आमच्या घरी जेवताना काढत नाहीत.

रश्मी नागपूरची, माझ्याच ऑफिसातली. तिचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. उभ्या नोकरीत त्यांनी ग्रीसचा धडा पुस्तकातल्या एका धुरकट फोटोवरून शिकवला. अक्रोपोलिसच्या टेकडीवरचं ते देऊळ फळ्यावर असं काढायचे म्हणे, की पुढच्या तासाचे गणिताचे सर ते पुसायला धजायचे नाहीत. आता त्यांच्या फुफ्फुसांनी हात टेकले होते. घरी पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं होतं. रश्मीने राजीनामा दिला आणि जानेवारीअखेर कायमची परत येते म्हणून फोन केला, तर ते म्हणाले, "येऊन तर राहिलीच आहे. मग आधी ते पाहून ये. मी काही आता जात नाही. वर उभी राहा आणि मला फोन कर. लवकर कर."

'लवकर' म्हणजे काय ते आम्हां दोघींना कळलं. तिने ल्युटनहून स्वस्तातलं विमान शोधलं, मी दोन दिवसांची रजा टाकली.

पहिल्या दिवशी अथेन्समध्ये पाऊस होता. (हे एकाही पोस्टकार्डावर दाखवत नाहीत.) दुपारी उघडीप झाली तशी रश्मी म्हणाली, "चल, वर जाऊ."

"आधी आगोरा बघू," मी म्हणाले. "जुन्या बाजाराची जागा. तिथे साधी माणसं उभी राहून वाद घालायची. वर काय, देवांची देवळं. आधी लोक, मग देव."

"बाबांनी वरचं सांगितलं आहे ना."

"वरचं कुठे पळून चाललंय?"

दुसऱ्या दिवशी मी तिला जुन्या अथेन्सची लोकसभा भरायची त्या उघड्या खडकावर नेलं. तिथे उभं राहून मी लोकशाहीचा जन्म सांगितला आणि लगेच त्याच लोकशाहीत बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं हेही सांगायला घेतलं. हिवाळ्यात अक्रोपोलिस दुपारीच बंद होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे रश्मीने सांगितलं होतं, दोनदा, पण तेव्हा मी गुलामांवर होते. धापा टाकत फाटकाशी पोचलो तेव्हा पहारेकरी कुलूप लावत होता.

रश्मी गजांना धरून वर बघत राहिली. मग म्हणाली, "क्रांते, तुझे गुलाम जेवणाआधी मुक्त नव्हते का होऊ शकत?"

"उद्या सकाळी उठलं की इथेच," मी म्हणाले. "शपथ."

"तू शपथ मानत नाहीस."

"तत्त्वतः नाही. पण तुझ्यासाठी."

तिसऱ्या दिवशी आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. संध्याकाळी परतीचं विमान होतं. फाटकाशी पोचलो तर बाहेर गर्दी, ग्रीक अक्षरांतला लांबलचक फलक, आणि आतली माणसं बाहेर. पहारेकऱ्यांचा संप होता.

इथे मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. इंग्लंडात मी इतकी वर्षं ज्यासाठी झुरले ते समोर होतं : खरा संप, खऱ्या घोषणा, आणि एका मुलाने माझ्या हातात खरं पत्रक ठेवलं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीत 'एकजूट' असणार हे मी कागदाच्या वासावरून ओळखलं. त्यांच्या नोकऱ्या दर हंगामाला संपतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा दारात उभं राहावं लागतं, एवढं मोडक्या इंग्रजीत समजल्यावर मी फलकाचं एक टोक धरलं. धरायला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्या वेळात रश्मी संपवाल्यांच्या पुढारणीकडे गेली होती. एलेनी तिचं नाव. जाड लोकरी शाल, हातात सिगारेट, आवाज भांड्यावर भांडं घासावं तसा. रश्मीने तिला वडिलांचं सांगितलं. शाळा, फळा, सिलिंडर, फोन. (मला हे नंतर कळलं. माझ्या बाबतीत महत्त्वाचं सगळं नंतरच कळतं.) एलेनीने सिगारेट विझवली, दोघातिघांशी बोलली. त्यांनीही होकाराची मान हलवली. ती म्हणाली, "दहा मिनिटं. बाजूच्या दाराने. फोटो नाही. शिक्षकासाठी." आणि किल्ली घेऊन बाजूच्या दाराकडे निघाली. रश्मी तिच्यामागे.

नेमका त्याच वेळी एक इंग्रज गृहस्थ माझ्यासमोर आला. लाल गाल, रेनकोट, सोबत बायको. "आम्ही एवढ्या लांबून आलोय," तो म्हणाला. "आमच्यापुरतं तरी उघडायला काय हरकत आहे?"

रीडिंगच्या ऑफिसात अशा सुराला मी इतकी वर्षं 'शुअर, नो प्रॉब्लेम' म्हणत आले होते. ते सगळं साचलेलं त्या एका मिनिटात बाहेर पडलं.

"कोणासाठीही उघडणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. "लांबून सगळेच येतात. कारण प्रत्येकाकडे असतं, आणि प्रत्येकाचं कारण त्याला जगात सगळ्यात मोठं वाटतं. एकासाठी दार उघडलं की संप तिथेच मेला. आज या माणसांनी एक अपवाद केला, तर उद्या मालक त्यांनाच अपवाद करून टाकेल."

एकाने ते ग्रीकमध्ये सांगितलं. टाळ्या वाजल्या. शिट्ट्या झाल्या. एका म्हातारीने माझा गाल ओढला. इंग्रजाची बायको त्याला म्हणाली, "शी हॅज अ पॉइंट, डिअर." मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकले होते. तोंडभर हसून मी रश्मीला शोधलं.

ती बाजूच्या दाराशी होती. किल्ली कुलपात गेलेली होती. एलेनी वळून गर्दीकडे बघत होती, आणि सगळी गर्दी, त्या इंग्रज जोडप्यासकट, एलेनीकडे.

तिने किल्ली काढून शालीआड ठेवली.

काय झालं ते कळल्यावर मी धावत गेले. "ते मी त्याला म्हणाले. हिला नाही. हिचं वेगळं आहे."

"कारण प्रत्येकाकडे असतं," एलेनी म्हणाली. चिडून नाही. खरंच पटल्यासारखी. "तू बरोबर बोललीस. मी चुकत होते. थँक यू."

"मी चुकले. मी भाषण मागे घेते."

तिला वाटलं मी विनय दाखवते आहे. तिने मला मिठी मारली. मघाचा मुलगा कॅमेरा घेऊन आला आणि त्याने आम्हा तिघींचा फोटो काढला. माझ्याकडे तो नाही. असता तरी रश्मीच्या चेहऱ्याकडे बघण्याची माझी हिंमत नाही.

समोर एक बुटकी, खडकाळ टेकडी आहे, सगळ्यांना मोकळी. पावसाने ती साबणासारखी झाली होती. तिथून देऊळ दिसतं, पण लांबून, पुस्तकातल्या फोटोत दिसावं तेवढंच. रश्मी तिथे चढली आणि तिने फोन लावला. मी मागे उभी राहिले.

"बाबा, वर आहे मी," ती म्हणाली. "हो, अगदी आत. खांबाला हात लावला आहे. गार आहे."

पलीकडून हळूहळू, मध्ये थांबत प्रश्न येत होते. ती उत्तरं देत गेली. खांब मध्ये जरा फुगीर आहेत का? आहेत. जमीन सपाट दिसते पण नसते, मध्ये उचललेली असते, पाहिलं का? पाहिलं. एका टोकाला टोपी ठेवून दुसऱ्या टोकाला ओणवं होऊन बघ, दिसणार नाही. "पाहिलं ना बाबा. नाही दिसत." तिने फोन माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली.

"काका, मी क्रांती. रश्मीची मैत्रीण."

"बेटा, तू सांग." श्वास घेतल्याचा आवाज. "टोपी ठेवली का खरंच? ही लाडाने काहीही सांगते."

आमच्या घरात खोटं बोलण्यावर एक अख्खं पत्रक आहे. वडिलांनी स्वतः लिहिलेलं. मी ते पाठ म्हणून दाखवत असे.

"ठेवली, काका," मी म्हणाले. "माझीच होती. लोकरीची, लाल. मी या टोकाला जमिनीवर गाल टेकून बघितलं. नाही दिसली."

"हं," ते म्हणाले. "मी पोरांना खोटं नाही शिकवलं मग." पुन्हा श्वास. "रश्मी काय करून राहिली?"

"रडतेय."

"रडू दे. तिथे रडूच येत असेल."

परतीच्या विमानात रश्मी खिडकीकडे तोंड करून बसली. ल्युटनच्या बसमध्ये एवढंच म्हणाली, "भाषण चांगलं झालं तुझं. खरंच सांगते." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला झोप लागली असती.

ती नागपूरला गेली आणि थोड्याच दिवसांत काका गेले. तिने फोनवर सांगितलं की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऑक्सिजनची नळी बाजूला करून सांगायचे, माझी मुलगी आत जाऊन आली, खांबाला हात लावून आली. आता शेजारपाजारचे तिला विचारतात, आत कसं आहे सांग ना. ती सांगते. रोज थोडं जास्तच सांगते.

"मग एक दिवस जाऊन ये ना खरंच," मी म्हणाले. "मी तिकीट काढते."

"आता कोणाला फोन करू वरून?" ती म्हणाली.

त्यानंतरही मी पुष्कळ बोलले आहे. ऑफिसच्या सफाईवाल्या बायकांसाठी बोलले. त्यांची शिफ्ट होती, त्यामुळे त्या सोडून सगळे ऐकायला होते. युद्धाविरुद्ध बोलले, युद्ध झालं. मराठी मंडळात हळदीकुंकवाविरुद्ध बोलले. शेवटी मलाच वाण दिलं. माझं भाषण ऐकून जगात एखादं दार खरोखर बंद राहिलं ते एकदाच, आणि ते माझ्या मैत्रिणीच्या बापाचं होतं.